माझाही नेम

“आई, आले! आई, पळत ये, पळत!”

निनाद वरच्या धारेवरून ओरडला तेव्हा मी शेगडीभोवती शाल धरून बसले होते. वारा असा सुटला होता की ज्योत टिकेना. काझाच्या वर, किब्बर गावाच्याही पुढे, एका ओढ्याकाठी आमची गाडी उभी होती. धारेपलीकडे खोल दरी आणि दरीच्या पलीकडे उभा ताशीव कडा. त्या कड्यावर आयबेक्स दिसतात, म्हणजे पहाडी रानबोकड, असं आमचा ड्रायव्हर तंझिन सकाळपासून सांगत होता. बाकीचे सगळे ते बघायला धारेवर चढून बसले होते. मी खाली. कुकरात मुगाची डाळ आणि तांदूळ, आणि पहिली शिट्टी काही होत नव्हती. त्या उंचीवर माणसाला दम लागतो तसा कुकरलाही लागतो.

“आले, आले,” म्हणत मी उठले.

“तिला कशाला बोलावतोस?” ह्यांचा आवाज आला. “कुकर लावलाय तिनं. होऊ दे तिचं निवांत. आपण सांगू ना तिला नंतर.”

मी वाकले आणि गॅस बंद केला.

आता ह्यांचं सांगायलाच हवं. माधवराव कुलथे, संगमनेरच्या पेठेत सराफीचं दुकान. माणूस वाईट नाही हो. व्यसन नाही, चढा आवाज नाही. पण चातुर्मास लागला की ह्यांच्या अंगात यायचं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एकभुक्त. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही सूर्य मावळायच्या आत, आणि तेही फक्त बायकोच्या हातचं. चहासुद्धा तिच्याच हातचा. वडिलांनी हा नेम जन्मभर पाळला म्हणून ह्यांनीही धरला. गावभर कौतुक. एका बुवांनी तर कीर्तनात दाखला दिला होता, नेम असावा तर माधवरावांसारखा. नेम त्यांचा, पुण्य त्यांचं आणि चुलीपुढं राबायला मी. माझ्या सासूबाईही अशाच राबत गेल्या, त्यांचं नाव कुणी कीर्तनात घेतलं नाही.

घरी असताना माझी तक्रार नव्हती. घरी काय, रांधायचंच असतं. पण आम्हाला फिरण्याची भारी हौस, आणि दुकान बंद ठेवायला सवड मिळायची ती लग्नसराई संपल्यावर, म्हणजे नेमकी चातुर्मासात. त्यामुळे आम्ही जाऊ तिथं शेगडी, कुकर, कणीक, मेतकूट, मसाल्याचा डबा आणि मी. हंपीचा दगडी रथ मी फोटोत पाहिला. थेक्कडीला तळ्यातून हत्तींचा अख्खा कळप पोहत गेला, मायलेकरं सगळी, तेव्हा मी लॉजच्या मागच्या पडवीत पोळ्या लाटत होते. त्यानंतर आमच्याकडे बारसं असो की साठीशांत, हे त्या हत्तींची गोष्ट सांगणारच. आणि सांगता सांगता माझ्याकडे वळून म्हणणार, “काय गं, आठवतं ना?”

त्या दिवशीही सकाळी ‘की’ नावाचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघून झाला होता. आत लामांनी सगळ्यांना चहा दिला. ह्यांना तो चालणार नव्हता, म्हणून मी गाडीपाशी ह्यांच्यापुरता चहा करत थांबले होते. गोंपा मी खालून पाहिला. छान दिसतो खालूनही.

तर मी गॅस बंद केला आणि धार चढायला लागले. चढ तो केवढा, आमच्या घराच्या गच्चीइतका. पण तिथं हवाच नाही. दोन पावलं टाकली की छातीत भाता सुरू. साडीचा काठ बुटात अडकत होता. मी हातापायांवर रांगत वर पोचले तेव्हा केतकीनं, माझ्या सुनेनं, माझ्या हाताला धरून मला ओढून घेतलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

“कुठं गं?”

“त्या काळ्या खडकापाशी होते आई. आत्ता होते.”

खडक दिसत होता. नुसता खडक.

“गेले,” निनाद पडलेल्या आवाजात म्हणाला. “वळले पलीकडे. अगं काय शिंगं होती! अशी मागं वळून पाठीला टेकलेली.”

“बोकडच की गं,” हे म्हणाले. “बोकड बघायला एवढ्या लांब यायला नको, आपल्या बाजारात शनिवारी हवे तेवढे. हे जरा मोठे. मी सांगेन तुला सगळं सविस्तर. डाळ शिजली का?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी ओरडले नाही. तशी मी तोंडाळ आहे, पेठेतल्या बायकांना विचारा. पण त्या वेळी शब्दच फुटेना. धाप लागली होती आणि डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते ह्यांना दिसू द्यायचं नव्हतं. केतकीच्या हातात पाण्याची बाटली होती. मी ती घेतली. उजव्या तळहातावर पाणी घेतलं. पूर्वेकडे तोंड केलं, म्हणजे मला पूर्व वाटली तिकडे, आणि मोठ्यानं म्हटलं, “हे डोंगर आणि इथली जनावरं माझ्या डोळ्यांनी मन भरून बघितल्याखेरीज मी प्रवासात चुलीला हात लावणार नाही.” आणि पाणी सोडलं.

तंझिनला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं असावं. तो उठून जरा लांब जाऊन बसला.

“हे काय?” ह्यांनी विचारलं.

“नेम.”

“असला कसला नेम?”

“तुमचा असतो तसला.”

“कुमुद, पोरखेळ करू नकोस.”

“पाणी सोडलंय मी. सोडलेल्या पाण्याला पोरखेळ म्हणू नये, हे तुमचंच म्हणणं.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. ह्यांची अडचण मला चांगली ठाऊक होती. दुसऱ्या कुणाचा नेम मोडायला लावणं हे ह्यांच्या लेखी स्वतःचा मोडण्याहून मोठं पाप. शेजारच्या पोरानं सोमवार धरला तर हे त्याच्यासमोर शेंगदाणासुद्धा खायचे नाहीत. आता बायकोनं पाणी सोडलं तर म्हणणार काय?

“अगं, पण मी एकभुक्त आहे,” हे शेवटी म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता.

“माहीत आहे.”

“काल संध्याकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही.”

“तेही माहीत आहे. काल मीच वाढलं होतं.”

केतकी पुढं झाली. “बाबा, मी टाकते ना खिचडी. कुकर तयारच आहे.”

“तुझ्या हातची नाही चालत गं. नेम हिच्या हातचा आहे.” असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता तरी ही विरघळेल. मी दुर्बीण लावून कडा न्याहाळायला लागले.

निनाद तंझिनकडे गेला आणि विचारून आला. ऊन कड्यावरून उतरलं की कळप पाण्यावर येतो, बहुतेक वेळा येतो, पण खात्री नाही, असं तंझिनचं म्हणणं होतं. “माताजी को बोलो, हिलना नहीं. बस बैठो.” मी म्हटलं, मला बसायला कुणी शिकवायला नको. आयुष्य बसून गेलं, फक्त तोंड दुसरीकडे होतं.

मग मी बसले. त्या धारेवर, शाल अंगाभोवती घट्ट लपेटून, तोंड दरीकडे करून.

काय काय पाहिलं म्हणून सांगू! आधी नुसता दगड दिसत होता. मग नजर सरावली. दरीच्या तळाशी ‘भरल’ नावाची तिथली राखी रानमेंढरं चरत होती. हालली तरच दिसायची, नाहीतर दगडच. आमच्या पायाखालून एक गिधाड निघालं. पायाखालून! पक्ष्याची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. त्याच्या पंखांचा वाऱ्यावरचा आवाजसुद्धा ऐकू आला. एक तांबडा कोल्हा ओढ्याकाठी आला, आमच्या कुकराभोवती फिरला, हुंगला आणि नापसंत असल्यासारखा निघून गेला. केतकीला हसू आवरेना. तीही माझ्या शालीत शिरून बसली होती.

इकडे ह्यांची चुळबूळ सुरू झाली. आधी गोडीगुलाबी.

“कुमुद, आता एवढं पाहिलंस. कोल्हा पाहिलास, गिधाड पाहिलंस. झालं की.”

“बोकड राहिलेत.”

“पुण्याला गेलो की कात्रजला जाऊ. तिथं पाहिजे ते जनावर पिंजऱ्यात असतं, पळून जात नाही.”

“पिंजऱ्यातलं मला घरी आरशात दिसतं.”

मग राग. “लोकांच्या बायका नवऱ्याच्या नेमासाठी काय काय करतात!”

“करतात. त्यांना विचारा एकदा, काय काय बघितलं म्हणून.”

मग डोकं दुखायला लागलं. तिथं सगळ्यांचंच दुखतं, विरळ हवेमुळे. निनादनं गोळी दिली. मग हे जरा वेळ डोळे मिटून पडून राहिले आणि एक डोळा उघडून मी बघतेय का ते पाहायला लागले.

तेवढ्यात तंझिननं आपली शिदोरी सोडली. जाड रोट्या, त्यांत लोणी आणि चुरा केलेलं सुकं चीज. त्यानं सगळ्यांपुढं धरली. ह्यांनी हात जोडले. मी घेतली.

“तू खातेस?” हे उठूनच बसले.

“माझा नेम चुलीला हात न लावण्याचा आहे. न खाण्याचा नाही.”

आणि खाल्ली. चांगली मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्या कुणीतरी केलेली रोटी, गार का असेना, डोंगराकडे बघत, वाढायला न उठता. अहाहा! तंझिनच्या बायकोला माझा आशीर्वाद सांग, असं मी निनादला म्हटलं. ह्यांनी तोंड फिरवलं. पोटात कावळे कोकलत होते बिचाऱ्यांच्या, मला ऐकू येत होते.

थोड्या वेळानं हे माझ्याजवळ सरकले. आता आवाजात ना गोडी होती ना राग.

“एवढं काय आहे गं त्या बोकडात?”

मी दुर्बीण खाली घेतली. “थेक्कडीचे हत्ती सांगा ना मला.”

“आत्ता?”

“आत्ता. कसे होते?”

ह्यांना ती गोष्ट सांगायची म्हटली की भूकसुद्धा विसरते. “अगं, पहिल्यांदा मोठी हत्तीण उतरली पाण्यात. मग दोन पिल्लं, सोंडा वर करून. मधेच एक पिल्लू मागं राहिलं, तर हत्तीण वळली आणि सोंडेनं त्याला असं...”

“मला कधी दिसलं हे?”

ह्यांचा हात हवेतच राहिला.

“पाहुण्यांसमोर विचारता ना, आठवतं ना म्हणून? मला पोळपाट आठवतो. त्याचा एक पाय मोडका होता, लॉजवाल्याचा होता तो. खाली कागदाची घडी घालून मी लाटत होते. तुम्ही सगळे तळ्यावर ओरडत होतात, मला वाटलं कुणी बुडालं. हातात लाटणं घेऊन धावत आले मी. हत्ती पलीकडं चढून गेले होते.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही ‘होऊ दे तिचं निवांत’ म्हणता ना, मग कुणाशी बोलू? कुकराशी?”

केतकीनं माझा हात दाबला. मी पुन्हा दुर्बीण लावली. तिच्या काचांवर धुकं आलं ते मी पदरानं पुसलं. मला दया नको होती कुणाची. मला बोकड बघायचे होते, आणि ते दिसल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते, मग पुढच्या वर्षीचा चातुर्मास लागला तरी बेहत्तर.

ऊन कड्यावरून वर सरकायला लागलं. खाली सावली आली तशी थंडी चावायला लागली. तंझिन घड्याळाकडे बघू लागला. रस्ता अवघड, अंधाराच्या आत काझा गाठायला हवं होतं. आणि कळपाचा पत्ता नाही.

इथं ह्यांनी सूत्रं हातात घेतली. त्यांचं साधं गणित होतं, बोकड दिसल्याशिवाय जेवण नाही. निनादच्या हातातून दुसरी दुर्बीण हिसकावली आणि सुरुवात केली. ज्या माणसाला सकाळपासून त्या बोकडांचं काडीचं अप्रूप नव्हतं, तो आता खडक अन् खडक असा तपासत होता, जसा काही प्रत्येक खडक गहाण पडायला आलाय. पालथे पडून, कोपरं टेकून. “तो काळा ठिपका कसला? नाही, सावली आहे. तंझिन, वो क्या है? पत्थर? पक्का?”

आणि ह्यांनाच दिसले. माझा पदर ओढून, श्वास रोखून म्हणाले, “कुमुद. कुमुद, हल्लू. त्या भेगेच्या डाव्या हाताला.”

आधी एक डोकं. मग शिंगं, केवढाली ती शिंगं, वळणावळणाची, मागं पाठीपर्यंत गेलेली, जात्याच्या पाळीसारख्या खाचा पडलेली. खाली दाढी. तो थोराड बोकड कड्याच्या अगदी कडेवर उभा राहिला आणि त्यानं आमच्याकडे बघितलं. मी श्वास घेईना. मग तो उतरायला लागला. उतरायला म्हणजे, जिथं मला बोट टेकवायला जागा दिसत नव्हती तिथं तो चारही खूर एकत्र टेकवून उभा राही आणि मग पुढची उडी. त्याच्यामागून माद्या, त्यांच्यामागून पिल्लं. खडे घरंगळल्याचा आवाज दरी ओलांडून येत होता.

एक पिल्लू वर अडलं. पुढं यायचं धाडस होईना. माय खाली उभी राहून वर बघत राहिली. ओरडली नाही, वर गेली नाही, नुसती थांबली. पिल्लू पुढं आलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. माझ्या हाताच्या मुठी आवळल्या होत्या. “टाक रे उडी,” मी पुटपुटले, “टाक, काही होत नाही.” आणि त्यानं टाकली. उभ्या कड्यावरून, सरळ आईच्या पुढ्यात.

मी रडत होते. रडू दे, म्हटलं, आता कुणाला लपवायचंय.

“बघितलंस?” हे कुजबुजले. ह्यांचेही डोळे चमकत होते, खोटं कशाला बोलू. “काय उडी मारली गं! हत्तींपेक्षाही... बरं, झाला नेम. आता ऊठ. समोरच्या शिखरावर अजून ऊन आहे, म्हणजे दिवस आहे. पटकन पिठलं तरी टाक.”

“मन भरून बघितल्याखेरीज, असं म्हटलं होतं मी.”

“मग? भरलं ना?”

कळप पाण्यावर उतरत होता. ते पिल्लू आता पुढं पळत होतं, मागं वळूनही बघत नव्हतं. मी मनाला विचारलं. अगदी प्रामाणिकपणे विचारलं, नेमाची गोष्ट आहे, तिथं लबाडी नको.

“नाही,” मी म्हटलं.

“नाही म्हणजे?”

“नाही भरलं.”

“मग मी काय खाऊ?”

“ते तुमच्या नेमाला विचारा. माझा माझ्यापाशी आहे.”

ह्यांनी शिखराकडे पाहिलं. तिथं उन्हाची चिंचोळी पट्टी उरली होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी काही नजर हटवली नाही. हे उठले, सदऱ्याची धूळ झटकली आणि धार उतरायला लागले. उतरता उतरता मोठमोठ्यानं बोलत होते, आम्हाला ऐकू यावं म्हणूनच. “बायको म्हणजे अर्धांगी. अर्धं अंग. म्हणजे तिचा हात तो माझा आणि माझा हात तो तिचा. शास्त्रात बसतं हे. व्यवस्थित बसतं.”

निनाद पोट धरून हसला. केतकी मदतीला निघाली तर मी तिला हाताला धरून खाली बसवलं. “तू कळप बघ,” म्हटलं.

खालून भांड्यांचा आवाज आला. मग शिव्या, वाऱ्याला. मग बराच वेळ काही नाही. मग हाक आली.

“कुमुद! पिठल्यात हळद किती घालायची?”

मी दुर्बीण काढली नाही. “अंदाजानं!” ओरडून सांगितलं.

ते पिठलं गाठींचं झालं होतं आणि कुकरातली खिचडी कच्ची. हे उभ्याउभ्या खाताना मी पाहिलं, शिखरावरचं ऊन जाईपर्यंत सगळं संपवलं. मलाही वाढू का विचारलं. मी नको म्हटलं, माझं पोट भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काझात, शेगडी बाहेर काढताना हे हळूच म्हणाले, “काय? भरलं का मन?”

“नाही.”

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. नातू शाळेत जातो. आम्ही दर पावसाळ्यात कुठंतरी जातो, ह्यांचा एकभुक्ताचा नेम कडक चालू आहे. मेतकूट, कणीक, मसाल्याचा डबा, सगळं आता हेच भरतात. पिठल्याला गाठी होत नाहीत. मी धबधबे पाहिले, गेंडे पाहिले, समुद्रातून उसळणारे डॉल्फिन पाहिले, आणि कुणी मला नंतर सांगायची वेळ आली नाही. घरी आल्यावर चूल माझी, त्यात वाद नाही.

परवाच पुढच्या प्रवासाची तयारी करताना ह्यांनी हळदीची पुडी बांधली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कुमुद, अजून नाही?”

“नाही,” मी म्हटलं.

आणि एक दिवस भरलंच, तरी मी सांगायची नाही.